देशी बनावटीचं ट्रेकिंगचं सामान: टॅग कसा वाचायचा, खात्री कशी करायची, काय बघून घ्यायचं

दुकानात टांगलेल्या सॅकवर चाकांनी बनलेल्या सिंहाचं चित्र असतं, बारकोड 890 ने सुरू होतो, ब्रँडचं नाव अगदी आपल्याकडचं वाटतं आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "इंडियन माल आहे, बिनधास्त घ्या." यांतल्या एकाही गोष्टीवरून ती सॅक कुठे शिवली गेली ते कळत नाही. कळलं तर टॅगवरच्या सगळ्यात बारीक अक्षरांतल्या दोन ओळींवरून कळतं, आणि त्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. पहिल्यांदाच सॅक, बूट, स्लीपिंग बॅग घ्यायला निघालेल्यांसाठी त्या ओळींचा अर्थ आणि पुढची पडताळणी इथे क्रमाने दिली आहे.

आधी ठरवा: 'देशी' म्हणजे तुम्हाला काय हवंय?

हे न ठरवता दुकानात गेलात तर विक्रेता सांगेल तेच 'देशी' ठरतं. एका सॅकमागे किमान चार वेगळ्या गोष्टी असतात: कंपनी कोणाची, डिझाइन कुठे झालं, शिवली कुठे, आणि कापड, चेन, बकल कुठून आले. या चारांची उत्तरं चार देशांत निघू शकतात. वाइल्डक्राफ्ट ही बेंगळुरूची भारतीय कंपनी. डेकॅथलॉन फ्रेंच, पण तिचा बराच माल भारतातल्या कारखान्यांत तयार होतो. उलट भारतीय नावाचे कितीतरी छोटे ब्रँड तयार माल आयात करून त्यावर फक्त आपला लोगो लावतात. पैसा इथल्या कंपनीत जावा ही एक इच्छा झाली, काम इथल्या शिलाई कामगाराला मिळावं ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत, फक्त त्या एकच आहेत असं धरून चालू नका.

किरकोळ ग्राहकासाठी 'मेड इन इंडिया' लिहायला अमुक टक्के माल इथला हवा, अशी सरसकट लागू होणारी अट आपल्याकडे नाही. 50 टक्के, 20 टक्के हे जे आकडे ऐकू येतात ते सरकारी खरेदीचे. 2017 च्या आदेशानुसार निविदा भरणारा पुरवठादार 50 टक्के किंवा जास्त स्थानिक मूल्य असेल तर पहिल्या वर्गात, 20 ते 50 टक्क्यांत असेल तर दुसऱ्या वर्गात मोडतो. दुकानातल्या सॅकशी त्याचा संबंध नाही. सिंहाचा लोगो 2014 सालच्या 'मेक इन इंडिया' मोहिमेचा आहे. तो बनावटीचा दाखला नव्हे.

नवख्याने एकच कसोटी धरावी असं आमचं मत: वस्तू भारतात शिवली किंवा बनवली गेली आहे आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता टॅगवर आहे. त्याच्या मागे सुतापर्यंत जाऊ नका, हाताला काही लागत नाही. श्वास घेणारं वॉटरप्रूफ पटल (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ थर), बदकांची पिसं, व्हायब्रम कंपनीचे सोल हे बहुतेक बाहेरूनच येतात. याउलट ज्याला सगळे परदेशी समजतात त्या वायकेके चेनचा कारखाना हरियाणात बावलला आहे, तेव्हा जपानी नावाची चेन हरियाणातली असू शकते. स्लीपिंग बॅगेत भरायचा पॉलिस्टरचा पोकळ धागा रिलायन्स 'रेक्रॉन' नावाने इथेच बनवते.

टॅग वाचणं

पॅकबंद मालावर काय छापायचं ते 2011 च्या वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियमांत ठरलेलं आहे. उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं साधं नाव, नग किंवा वजन, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. मूळ देश लिहिण्याची सक्ती 1 जानेवारी 2018 पासून आली, पण ती आयात मालासाठी आहे. इथे बनलेल्या वस्तूवर 'कंट्री ऑफ ओरिजिन: इंडिया' ही ओळ नसली तर लगेच संशय घेऊ नका. तिथे उत्पादकाचा पत्ता हाच पुरावा. बहुतेक कंपन्या ती ओळ छापतात ते ग्राहक विचारतो म्हणून.

पत्त्याच्या आधी कोणता शब्द आहे, ते आता बघा.

'मॅन्युफॅक्चर्ड बाय' किंवा 'एमएफडी बाय' आणि पुढे प्लॉट नंबर, औद्योगिक वसाहत, पिनकोड: हे तुम्हाला हवं ते. पत्त्याआधी काहीच शब्द नसेल तर नियमानुसार तो उत्पादकाचाच पत्ता धरला जातो.

'मार्केटेड बाय' म्हणजे फक्त विकणारा. हा पत्ता बहुधा एखाद्या ऑफिस बिल्डिंगचा निघतो. त्याच टॅगवर उत्पादकाची वेगळी ओळ हवी, ती शोधा.

'पॅक्ड बाय' हा सगळ्यात फसवा. सुटा माल बाहेरून आणून इथे पिशवीत भरला तरी हा शब्द लागतो. उत्पादक आणि पॅक करणारा वेगळे असतील तर दोघांची नावं हवीत.

'इम्पोर्टेड बाय' असेल तर विषय मिटला. मूळ देशाची ओळ जवळच सापडेल. तिथे 'पीआरसी' लिहिलेलं असेल तर तो चीनच. पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना असं पूर्ण लिहिण्याऐवजी ही तीन अक्षरं छापायची जुनी पद्धत आहे.

'डिझाइन्ड इन इंडिया', 'इंजिनिअर्ड फॉर द हिमालयाज', 'अॅन इंडियन ब्रँड' ही जाहिरात झाली. बनावट कुठली, यावर ही वाक्यं गप्प असतात.

टॅगवर चिकटवलेला कागद दिसला तर थांबा. छापील माहिती बदलण्यासाठी वरून स्टिकर लावायला नियमात मनाई आहे. अपवाद किंमत कमी केल्याचा, आणि तेव्हाही मूळ किंमत झाकायची नसते. आयात मालावर आयातदाराच्या माहितीचं स्टिकर असणं मात्र नेहमीचं आहे. त्यामुळे परदेशी छपाईच्या खोक्यावर भारतीय पत्त्याचं स्टिकर दिसलं तर वस्तू बाहेरची आहे एवढाच अर्थ. देशी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकच्या उत्पादकाच्या ओळीवर स्टिकर असेल, तर दुकानदारासमोरच ते नखाने उचलून बघायला लाजू नका.

टांगता पुठ्ठा आणि शिवलेली पट्टी, दोन्ही बघा. पुठ्ठा नंतर भारतातही छापून लावता येतो, शिवलेली पट्टी कारखान्यात कपड्याबरोबरच शिवली जाते. सॅकमध्ये ती पाठीच्या पॅडिंगच्या आत किंवा हायड्रेशनच्या (पाण्याची पिशवी ठेवायच्या) कप्प्यात असते, जॅकेटमध्ये डाव्या बाजूच्या आतल्या शिवणीत, बुटात जिभेखाली. दोन ठिकाणी दोन देश लिहिलेले आढळले तर शिवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवा.

कपड्यांच्या बाबतीत एक पळवाट आहे. पॅक न करता सुटे विकल्या जाणाऱ्या कपड्यांना 2022 च्या दुरुस्तीने बरीच सूट मिळाली. तिथे उत्पादक, विक्रेता कंपनी, ब्रँडमालक किंवा आयातदार यांपैकी एकाचं नाव, तक्रारीचा संपर्क, सेंटिमीटरसह साइज आणि कमाल किंमत एवढं पुरतं. आयात असेल तर देश लिहावाच लागतो. म्हणून हँगरवरच्या ट्रेकिंग पँटवर फक्त ब्रँडचं नाव असणं कायदेशीर आहे. कारखाना कुठला, ते विचारूनच कळेल. तिरुपूरच्या टी-शर्ट आणि लुधियानाच्या थर्मलबद्दल विक्रेते सहसा न लपवता सांगतात. तिथला माल म्हणजे नाव झाकण्यासारखी गोष्ट नव्हे.

बारकोडचं एकदा स्पष्ट करून टाकू. 890 हा आकडा सांगतो की कंपनीने बारकोडची नोंदणी भारतात केली. चीनमध्ये शिवलेल्या सॅकवर भारतीय कंपनी 890 चाच बारकोड लावते आणि त्यात काही गैर नाही. '690 ते 699 म्हणजे चिनी माल' हा जो मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतो, त्यातही हाच घोळ आहे.

नंबरवरून पडताळणी

टॅगवरच्या पत्त्यापलीकडे जायचं असेल तर दोन सोपे मार्ग आहेत. दोन्ही फुकट आहेत आणि मोबाइलवर होतात.

पहिला जीएसटीचा. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये नंबर टाकला की व्यवसायाचं अधिकृत नाव, पत्ता आणि व्यवसायाचं स्वरूप दिसतं. तिथे 'फॅक्टरी / मॅन्युफॅक्चरिंग' आहे का, की नुसतं 'इम्पोर्ट', 'होलसेल', 'रिटेल' आहे, ते बघा. इथे नवखे हमखास एक चूक करतात: दुकानाच्या बिलावरचा नंबर टाकतात. तो दुकानदाराचा असतो. तुम्हाला ब्रँडचा हवा. तो कंपनीच्या वेबसाइटवर किंवा तिने स्वतः दिलेल्या बिलावर मिळतो. नंबर पंधरा अक्षरी असतो: पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, हरियाणा 06, दिल्ली 07, तामिळनाडू 33), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्याच पोर्टलवर पॅनवरून शोधलं तर कंपनीची सगळ्या राज्यांतली नोंदणी दिसते. ऑफिस दिल्लीत आणि कारखाना हरियाणात असला की फक्त दिल्लीचा नंबर बघून 'हे तर नुसते व्यापारी' असा उलटा निष्कर्ष निघतो, तो टाळा. आणि हेही लक्षात असू द्या की कारखाना असणं वेगळं, तुमच्या हातातली वस्तू त्याच कारखान्यातली असणं वेगळं.

दुसरा मार्ग भारतीय मानक ब्यूरोचा, आणि हा जास्त पक्का. 'बीआयएस केअर' अॅप उतरवून घ्या. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (खेळाच्या बुटांसाठी आयएस 15844) आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर, कोणत्या पत्त्यावरच्या कारखान्याचा, चालू की संपलेला, सगळं समोर येतं. परवाना ब्रँडला नव्हे, कारखान्याला मिळतो. म्हणूनच हा क्रमांक टॅगपेक्षा जास्त बोलका. पण आयएसआय चिन्ह म्हणजे भारतीय बनावट असं मुळीच नाही. परदेशी कारखान्यांनाही ब्यूरो परवाना देतं, आणि मग अॅपमधल्या पत्त्यावर व्हिएतनाम किंवा चीन दिसतो. चिन्ह दर्जाचं आहे, ठिकाण पत्त्यावरून बघायचं.

चामडं आणि इतर साहित्याच्या बुटांसाठी ही गुणवत्ता सक्ती ऑगस्ट 2024 पासून लागू झाली. लहान उत्पादकांना सवलती आहेत, त्यामुळे चिन्ह नसलेला प्रत्येक बूट बेकायदा ठरत नाही.

पॉवर बँकेवर आणि लिथियम सेलवर 'आर-' ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. तोही त्याच अॅपमध्ये तपासता येतो आणि उत्पादकाचं ठिकाण कळतं. क्रमांक सापडलाच नाही तर वस्तू देशी की विदेशी हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ती घेऊच नका. तंबूत उशाशी ठेवायची वस्तू आहे ती.

ऑनलाइन घेताना

ई-कॉमर्स साइटवर मूळ देशासह ही सगळी माहिती खरेदीच्या आधी दिसली पाहिजे. वैध मापन नियम तेच सांगतात आणि 2020 चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमही. प्रत्यक्षात ती 'अॅडिशनल इन्फर्मेशन' किंवा 'मोअर डिटेल्स' खाली दडलेली असते. तिथे उत्पादक, पॅकर, आयातदार आणि मूळ देश असे चार रकाने एकत्र वाचा. मूळ देश 'इंडिया' आणि आयातदाराच्या रकान्यात नाव भरलेलं, असा प्रकार दिसला तर माहिती विक्रेत्याने डोळे मिटून भरली आहे. उत्पादकाच्या रकान्यात पत्ता नसून नुसतं ब्रँडचं नाव असेल, तर विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारा: "कारखान्याचा पत्ता कोणता?" उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, नाही आलं तर तेही उत्तरच.

एकाच मॉडेलची एक खेप भारतात आणि दुसरी बांगलादेशात किंवा व्हिएतनाममध्ये झालेली असू शकते, विशेषतः मोठ्या साखळी दुकानांच्या मालात. फोटोतला टॅग तुमच्या पार्सलमधल्या वस्तूचा असेलच असं नाही. साखळी दुकान गावात असेल तर तिथे जाऊन नेमका नग हातात घेऊन पट्टी बघणं बरं.

ऑनलाइन न दिसणारी एक गोष्ट म्हणजे उत्पादनाचा महिना-वर्ष, कारण ती दाखवण्याची सक्ती नाही. बुटांच्या बाबतीत हीच तारीख सगळ्यात महत्त्वाची. का, ते पुढे येतंच आहे.

वस्तूगणिक काय बघायचं

*बूट.* सह्याद्रीत नवख्यांनी अॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घ्यावेत हा सल्ला जुना आहे आणि त्याला कारण आहे: सोलचं रबर कातळावर चांगलं धरतं आणि किंमत खिशाला परवडते. घोट्याला आधार कमी, पाणी सरळ आत, हेही तितकंच खरं. उत्तराखंड-हिमाचलात पोर्टरांच्या पायांत हमखास दिसणारे गोल्डस्टार 'आपले' समजून घेऊ नका, ते नेपाळचे आहेत. (बूट म्हणून उत्तम. आयातच घ्यायची तर शेजाऱ्याकडून घेतलेली वाईट नाही.) बाकी स्वस्त देशी स्पोर्ट्स शूज बहुतेक हरियाणातल्या बहादूरगढचे, चामड्याचे आग्रा किंवा तामिळनाडूतल्या आंबूर-राणीपेट पट्ट्यातले.

बुटाच्या जिभेखाली किंवा खोक्यावर तारीख बघा. सोलचा मधला मऊ थर पॉलियुरेथिनचा असेल तर तो हवेतल्या ओलाव्याने आतून सडतो, बूट वापरला नाही तरीही. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा तीन-चार वर्षं गोदामात पडलेला बूट वरून कोरा करकरीत दिसतो आणि पहिल्याच मोठ्या उतरणीवर सोल चुऱ्यासारखा गळून पडतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत हे लवकर होतं. दोन वर्षांहून जुना माल, कितीही स्वस्त असला तरी, नको.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे टाचेकडून सोल सुटणं. स्वस्त बुटांत सोल फक्त चिकटवलेला असतो. नवा बूट घेतल्यावर पहिल्या पावसाळी ट्रेकच्या आधीच चर्मकाराकडे नेऊन सोलची कडा चारही बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घ्या. खर्च थोडा आणि बुटाचं आयुष्य बरंच वाढतं. साइज संध्याकाळी, जाड मोजे घालून बघायचा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर राजगडाच्या उतरणीवर नखं काळीनिळी होतात.

*सॅक.* देशी बनावटीत सगळ्यात जास्त पर्याय इथे आहेत, आणि शिलाईत जिथे फसवायचं तिथे फसवतातही. रात्रीच्या मुक्कामाच्या सह्याद्री ट्रेकला 40 ते 50 लिटर, हिमालयातल्या आठवड्याभराच्या ट्रेकला 60 लिटरच्या आसपास. लिहिलेल्या लिटरवर विश्वास न ठेवता मापं गुणा: 70 सेंमी उंच, 35 रुंद, 22 खोल म्हणजे 53,900 घनसेंमी, जवळजवळ 54 लिटर. अशाच सॅकवर 75 लिटर छापलेलं सर्रास दिसतं.

मग सॅक उलटी करून आत बघा. कापडाच्या कापलेल्या कडा पट्टीने बांधलेल्या आहेत का? उघड्या असतील तर काही महिन्यांत धागे सुटून शिवण उसवते. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे जोडलेला आहे तिथे दाट, आडवी-तिडवी पक्की शिलाई हवी. एक साधी ओळ मारून भागवलेलं असेल तर सॅक परत ठेवा. एका इंचात टाके मोजा, सात ते नऊ असले तर ठीक. पाच असतील तर शिवण ओढीला उघडते, बारा-पंधरा असतील तर सुईच्या भोकांनीच कापड कमजोर होतं. चेन कोपऱ्यावरून चार-पाच वेळा फिरवा, खराब चेन तिथेच अडकते. कमरेच्या पट्ट्याचं बकल मोजून ठेवा. 25 आणि 38 मिमी ही मापं बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे सहज मिळतात. विचित्र मापाचं, कंपनीचं खास बकल डोंगरात तुटलं तर गाठ मारूनच परतावं लागतं. शेवटी दुकानातच आठ-दहा किलो वजन भरून दहा मिनिटं पाठीवर घ्या. चांगला दुकानदार त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवतो.

आतलं पॉलियुरेथिनचं अस्तर काही वर्षांनी चिकट होऊन पापुद्रे सुटणं हा बुटाच्या सोलसारखाच ओलाव्याचा प्रताप. ट्रेकनंतर सॅक पूर्ण वाळवून हवेशीर टांगा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. पावसाळ्यात रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. पाठीकडून पाणी आत जातंच, म्हणून सॅकला आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावा.

*स्लीपिंग बॅग.* देशी बॅगांवर नुसतं '0 डिग्री' लिहिलेलं असतं. आयएसओ 23537 या मानकानुसार आरामाचं, मर्यादेचं आणि टोकाचं अशा तापमानांचे वेगवेगळे आकडे असतात. एकच आकडा दिला असेल तर तो आरामाचा नाही असं धरा आणि वर सात-आठ डिग्री मिळवा. वजन हा साधा पडताळा: पॉलिस्टर भरलेली बॅग 900 ग्रॅमची असून शून्य डिग्रीला उबदार असेल, हे पटण्यासारखं नाही. हरिश्चंद्रगडावरच्या जानेवारीतल्या रात्रीला दीड किलोच्या आसपासची देशी बॅग पुरते.

*तंबू.* कापडाचा जलरोध मिलिमीटरमध्ये विचारा: वरच्या कापडाला किमान 1,500, जमिनीला 3,000. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी, नाहीतर आकडा कितीही मोठा असो, पाणी शिवणीतून ठिबकतं. स्वस्त तंबूंच्या फायबरग्लासच्या काठ्या वाऱ्यात उभ्या चिरतात. दहा-पंधरा सेंमीची अॅल्युमिनियमची नळी सोबत ठेवा, तुटलेल्या जागी सरकवून चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निभावते.

*'मिलिटरी' माल.* लष्कराचे तंबू आणि कपडे बनवणारे सरकारी आयुध कारखाने खरोखर आहेत. कानपूर, शहाजहानपूर, आवडी इथले कारखाने 2021 पासून ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या कंपनीखाली आले. पण बाजारातली प्रत्येक हिरवी बॅग तिथली नसते. रंग कोणालाही मारता येतो.

*दोर, हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट.* इथे देशी-विदेशीचा विचार दुय्यम. गिर्यारोहणाच्या हार्नेसवर (अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज) ईएन, म्हणजे युरोपीय मानक, 12277, कॅराबिनरवर (उघडझाप होणारी धातूची कडी) ईएन 12275, आरोहणाच्या लवचीक दोरावर ईएन 892, रॅपलिंगच्या (दोरावरून कडा उतरण्याच्या) कमी ताणल्या जाणाऱ्या दोरावर ईएन 1891, हेल्मेटवर ईएन 12492 हवं. करमसारख्या भारतीय कंपन्यांचा सुरक्षा माल चांगला आहे, पण त्यातला बहुतेक बांधकाम आणि कारखान्यांत उंचीवर काम करणाऱ्यांसाठी, आयएस 3521, ईएन 361, ईएन 362 या मानकांचा. दोन्ही हार्नेस दिसायला सारखे वाटले तरी शरीरावर भार वेगळ्या जागी येतो, आणि औद्योगिक हार्नेसवर लीड क्लायंबिंग (दोर खालून सोबत नेत सगळ्यांत पुढे चढणं) करायचं नसतं. पॉलिप्रोपिलीनचा दोर तर रॅपलिंगला कधीच नको. तो 165 अंशांच्या आसपास वितळतो, आणि घर्षणाने डिसेंडरपाशी (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन) तेवढी उष्णता सहज तयार होते. वाईला दोरांचा मोठा कारखाना आहे म्हणून 'वाईचा दोर' सगळ्याला चालतो असं नाही. मासेमारीचा दोर मासेमारीला. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या, म्हणजे यूआयएएच्या, संकेतस्थळावर प्रमाणित वस्तूंची यादी शोधता येते. मॉडेलचं नाव तिथे टाकून बघा.

बिल आणि तक्रार

पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या, 'बॅग 1 नग' नको. गल्लीतल्या छोट्या कारागिराकडून शिवून घेत असाल तर टॅग नसणार, तिथे बिल हाच एकमेव कागद. ऑनलाइन पार्सल उघडताना व्हिडिओ करा. त्यात खोक्यावरचं लेबल आणि आतली शिवलेली पट्टी दोन्ही स्पष्ट दिसू द्या. साइटवरच्या पानावर 'इंडिया' आणि पट्टीवर दुसरा देश निघाला तर परतीचं कारण 'आवडलं नाही' असं निवडू नका, 'वर्णनाशी जुळत नाही' निवडा. पहिल्यात काही विक्रेते परतीचा खर्च तुमच्या माथी मारतात.

विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा किंवा 8800001915 वर व्हॉट्सअॅप. मराठीत बोलता येतं. सोबत चार गोष्टी तयार ठेवा: उत्पादनाच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट, बिल, पट्टीचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद. टॅगवर उत्पादकाचा पत्ताच नसणं, किंमत खोडणं, आयात मालावर देश न लिहिणं या तक्रारी राज्याच्या वैध मापन विभागाकडे जातात. तिथे निरीक्षक दुकानात जाऊन मालच तपासतो, म्हणून दुकानाचा पूर्ण पत्ता द्या. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.